ओमानचा चिखल आणि लहान एटीव्ही

ओमान म्हटले की वाळू डोळ्यांपुढे येते, आणि एटीव्ही म्हटली की बिदियाच्या वाळूच्या टेकड्यांवर भाड्याने मिळणारी चार चाकांची गाडी. चिखल या चित्रात बसत नाही. तरीही चिखलात वाहन कसे चालते याचा अभ्यास करायला ओमान हा उत्तम देश आहे. मैदानी भागात वर्षाचा पाऊस सरासरी जेमतेम १०० मिलिमीटर, पण चिखलाच्या तीन अगदी वेगळ्या जाती तिथे भेटतात आणि एका जातीत कामी येणारा उपाय दुसरीत घातक ठरतो.

माझे म्हणणे आधीच सांगतो. लहान युटिलिटी एटीव्हीची खरी पुंजी म्हणजे तिचा हलकेपणा. तिच्यात केलेला जवळपास प्रत्येक फेरफार या पुंजीतून काही ना काही खर्च करतो. तो खर्च कोणत्या जमिनीसाठी चालला आहे हे ठाऊक नसेल, तर गाडी कारखान्यातून आली तशीच ठेवलेली बरी.

यंत्र

लहान युटिलिटी एटीव्ही म्हणजे साधारण २०० ते ३०० सीसीचे एक सिलिंडरचे इंजिन, पुढेमागे सामानाचे रॅक आणि फुगीर, कमी हवेचे टायर. नमुना म्हणून १९९७ मध्ये आलेली होंडाची रेकॉन घेऊ. २२९ सीसीचे हवेने थंड होणारे इंजिन, शाफ्टने फिरणारी मागची दोन चाके, २२ इंची टायर आणि सुमारे २०० किलो वजन. पुढच्या चाकांना शक्ती नाही. मागचा एक्सल अखंड असल्याने दोन्ही मागची चाके एकाच वेगाने फिरतात. त्यामुळे वळण जड होते, पण एक चाक घसरून दुसरे नुसते उभे राहिले असे चिखलात होत नाही. क्लच तेलात बुडालेला असतो, रबरी बेल्ट नसतो. बेल्टच्या गाडीत पाणी शिरले की बेल्ट घसरतो आणि इंजिन ओरडत असताना चाके थांबतात. चिखलासाठी जुनी गाडी घेणाऱ्याने आधी हा फरक पाहावा, रंग आणि सीट नंतर.

तीन जमिनी

पहिली जमीन सबखा. भूजल पृष्ठभागाच्या अगदी जवळ असते, ते बारीक मातीतून केशाकर्षणाने वर चढते, उन्हाने उडून जाते आणि मागे मीठ व जिप्सम ठेवते. वर्षानुवर्षे असे होऊन वर एक कडक कवच तयार होते आणि खाली गाळ ओलाच राहतो. मसिरा बेटासमोरचा बर्र अल हिकमान हा ओमानचा सपाट किनारी प्रदेश बराचसा असा आहे. आतल्या बाजूला, रुब अल खाली या वाळवंटाच्या कडेला, उम्म अस समीम ही प्रचंड सबखा पसरली आहे. हजर पर्वताच्या दक्षिण उतारावरच्या वाद्यांचे, म्हणजे एरवी कोरड्या राहणाऱ्या नदीपात्रांचे, पाणी अखेर तिथे जाऊन मुरते. ब्रिटिश प्रवासी विल्फ्रेड थेसिजर १९४० च्या दशकात बदूंच्या सोबतीने या भागात फिरला तेव्हा त्याच्या सोबत्यांनी ती दलदल टाळून कडेची वाट धरली. उंटांवरून जाणाऱ्या, ती भूमी पिढ्यानपिढ्या ओळखणाऱ्या माणसांचा तो निर्णय होता, हे मोटार घेऊन जाणाऱ्याने लक्षात ठेवावे. मराठी वाचकाला जवळचे उदाहरण कच्छच्या रणाचे. तिथेही मिठाच्या कवचाखाली ओला गाळ असतो, आणि सीमा सुरक्षा दलही तिथे गस्तीला एटीव्ही वापरते.

दुसरी जमीन वादीतल्या पुराचा गाळ. हजर पर्वतावर पाऊस कोसळला की काही तासांत वादी भरून वाहते आणि ओसरताना वळणांवर, शेतांत, घरांत बारीक पोयटा सोडून जाते. ३ ऑक्टोबर २०२१ रोजी शाहीन चक्रीवादळ बातिनाच्या किनाऱ्यावर आदळले. त्यानंतर सुवैक आणि खाबुरा या भागांत घराघरांतून गाळ उपसावा लागला आणि त्यासाठी देशभरातून स्वयंसेवक आले. या पोयट्यात चिकटपणा थोडा, पाणी भरपूर. वरून तो वाळतो, भेगा पडतात, आणि आत मात्र लापशीसारखा राहतो. उभ्या गाडीच्या इंजिनाची थरथर त्याला पुरते. कणांमधले पाणी दाबाखाली येते, कण एकमेकांवरचा आधार सोडतात आणि चाके आपोआप खाली जातात.

तिसरी जमीन धोफारच्या डोंगरावरची. जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत खरीफचे, म्हणजे तिथल्या पावसाळ्याचे, धुके जबल करा, जबल कमर यांच्या समुद्राकडच्या उतारांवर बसून राहते. पाऊस कोसळत नाही, झिमझिमतो. पण झाडे आणि गवत धुके गाळून जमिनीत सोडत राहतात, ऊन पडत नाही आणि चुनखडीच्या डोंगरावरची चिकण माती तीन महिने वाफशावर येतच नाही. हा चिखल आपल्या ओळखीचा. चपलेला चिकटतो, चाकाला लपेटतो आणि उतारावर साबणासारखा निसटतो.

भार आणि पकड

आता थोडे गणित. गाडी २०० किलो, स्वार ७५, सामान १० : एकूण २८५ किलो, म्हणजे सुमारे २,८०० न्यूटन. मऊ टायरचा जमिनीवरचा दाब जवळपास त्यातल्या हवेच्या दाबाइतका असतो, टायरच्या ताठपणामुळे किंचित अधिक. ४ पीएसआय हवा असेल तर तो सुमारे २८ किलोपास्कल होतो. चालणाऱ्या माणसाचा पूर्ण भार एका पावलावर येतो तेव्हा तो ५० किलोपास्कलच्या आसपास असतो. ३० पीएसआय हवा भरलेल्या मोठ्या जीपचा २०० च्या पुढे. म्हणजे स्वारासकट एटीव्ही जमिनीला माणसाच्या पावलापेक्षाही हलकी वाटते. ही तिची पुंजी.

ओली, चिकट जमीन किती दाब सोसते? लुडविग प्रांटल यांच्या सिद्धांतानुसार संपृक्त चिकण मातीची पृष्ठभागावरची धारणशक्ती तिच्या कर्तनबलाच्या, म्हणजे सरकण्याला ती करते त्या विरोधाच्या, ५.१४ पट असते. २८ भागिले ५.१४ म्हणजे साधारण साडेपाच. ज्या मातीचे कर्तनबल साडेपाच किलोपास्कल आहे तिथे एटीव्ही जेमतेम तरंगते, माणूस घोट्यापर्यंत रुततो आणि जीप पोटावर बसते. एटीव्हीने नुकत्याच पार केलेल्या जागेत तिला सोडवायला जीप आणणे किती धोक्याचे, हे या तीन आकड्यांतच आहे.

दाब सोसला जाणे वेगळे आणि पकड मिळणे वेगळे. पकडीचे सूत्र कूलाँ यांनी अठराव्या शतकात मांडले. मातीचा विरोध म्हणजे तिचे संसंजन (कणांना एकत्र धरणारा चिकटपणा) अधिक तिच्यावरच्या दाबाने निर्माण झालेले घर्षण. कोरड्या वाळूत संसंजन नसते, सगळी पकड घर्षणाची. त्यामुळे भार वाढवला की पकडही वाढते. संपृक्त चिकण मातीत उलटे. जलद भाराखाली तिथे घर्षणाचा वाटा शून्यावर येतो आणि पकड म्हणजे संसंजन गुणिले स्पर्शाचे क्षेत्रफळ, एवढेच उरते. वजन त्या सूत्रात येतच नाही. मागच्या रॅकवर दगड किंवा पाण्याचे कॅन ठेवून पकड वाढवण्याची युक्ती बिदियाच्या वाळूत थोडीफार चालते. धोफारच्या चिखलात ती नुसते रुतणे वाढवते. मिचिस्लाव बेकर या पोलिश वंशाच्या अभियंत्याने १९५६ च्या आपल्या ग्रंथात जमिनीवरच्या चालनाचे हे शास्त्र पद्धतशीर मांडले आणि पुढे चंद्रावर गेलेल्या गाडीच्या चाकांच्या कामातही त्यांचा हात होता. रुतण्यावर त्यांचा भर होता तो याच कारणाने. चाक जितके खोल जाते तितकी त्याला पुढची माती दाबत, ढकलत जावी लागते, आणि हा विरोध खोलीपेक्षा वेगाने वाढतो. ज्या गाडीची पुढची चाके नुसती लोटली जातात तिच्यात तो आणखी जाणवतो. अरुंद पुढचा टायर नांगरासारखा माती फाडत जातो आणि मागचे लहान इंजिन त्या नांगराला ओढत राहते.

म्हणून माझ्या हिशेबात पहिला फेरफार गाडीत नाही, स्वाराच्या हातात आहे. २५ मिलिमीटर व्यासाची, टोक बंद केलेली लोखंडी नळी आणि साधा ताणकाटा जवळ ठेवावा. नळी उभी धरून ताणकाट्याने खाली ओढावी. ५ किलोच्या आतच ती जमिनीत जाऊ लागली, तर त्या मातीचे कर्तनबल ११ किलोपास्कलहून कमी आहे. म्हणजे एटीव्हीला तग धरण्यासाठी जे लागते त्याच्या दुपटीचीही खात्री नाही. दुपटीची सुरक्षितता न मिळाल्यास मी गाडी घालणार नाही. सबखावर ही चाचणी कवच फोडून खालच्या गाळावरही करावी. कवचावरचा आकडा फसवा असतो.

टायर

मोठ्या, खोल खाचांच्या टायरचे आकर्षण समजण्यासारखे आहे. २२ इंचाऐवजी २५ इंची टायर घातला तर एक्सलची उंची दीड इंचाने वाढते. पण चाकाचा घेर साडेतेरा टक्क्यांनी वाढतो, म्हणजे प्रत्येक गिअर तितका उंच होतो आणि जमिनीवर पोचणारे ओढबळ सुमारे बारा टक्क्यांनी घटते. शिवाय खोल खाचांचा टायर मूळ टायरच्या जवळपास दुप्पट जड असू शकतो, आणि फिरणारे वजन लहान इंजिनाला स्थिर वजनापेक्षा जास्त जाचते. चेनच्या गाडीत याची भरपाई सोपी. मागे ३६ दातांचे स्प्रॉकेट असेल तर ४१ दातांचे लावले की हिशेब जुळतो. शाफ्टच्या गाडीत तशी सोय नाही. तिथे २३, फार तर २४ इंचांवर थांबावे.

खाचांबद्दल जमिनीनुसार निर्णय घ्यावा लागतो. धोफारच्या चिकण मातीत खाचा हव्यात, पण त्या भरून गेल्या की टायर गुळगुळीत होतो. खाच मोकळी होते ती चाकाच्या फिरण्याने. परिघाचा वेग ताशी १० किलोमीटर असेल तर खाचेतल्या मातीला गुरुत्वाच्या पावणेतीन पट जोराने बाहेर फेकले जाते. ताशी २० ला हा जोर चौपट, अकरा पटीपर्यंत जातो. म्हणजे खाचांचा टायर फायदा देतो तो थोडे चाक फिरवण्याची तयारी असेल तरच, आणि खाचा रुंद असतील तरच. सबखावर हाच टायर शत्रू. कडक कवचावर सुरुवातीला फक्त खाचांमधल्या उंचवट्यांची टोके टेकतात. समजा ती एकूण क्षेत्रफळाच्या चौथ्या हिश्श्याइतकी असली, तर २८ चा दाब ११० च्या पुढे जातो आणि कवच फुटते. तिथे उथळ नक्षीचा, मऊ, रुंद टायरच योग्य. वादीच्या पोयट्यात मधली नक्षी पुरते, कारण तिथे पकडीपेक्षा तरंगणे महत्त्वाचे. बर्र अल हिकमान आणि धोफारमधले सलाला या दोन्ही ठिकाणी जाणाऱ्याने एकच सर्वगुणी टायर शोधण्यात पैसे घालवू नयेत. रिमसकट दोन संच ठेवणे जास्त शहाणपणाचे.

हवेकडे तर फारच कमी लोक लक्ष देतात. लहान एटीव्हीला ३ ते ५ पीएसआय हवा लागते. पेट्रोल पंपावरच्या मीटरवर हा आकडा वाचताच येत नाही, त्यासाठी कमी दाबाचे वेगळे मीटर लागते. ओमानमध्ये त्याला दोन जास्तीची कारणे आहेत. पहाटे २० अंशांना ४ पीएसआय भरलेला टायर दुपारी उन्हात ४५ अंशांना आला तर आतला दाब साडेपाचच्या आसपास जातो, टायरच्या फुगवट्यामुळे किंचित कमी. तापमानातल्या २५ अंशांच्या फरकाने मीटरवरची हवा जवळपास ४० टक्क्यांनी वाढली आणि तेवढ्या प्रमाणात गाडीची पुंजी गेली. सलालाच्या किनाऱ्यावरून ८०० मीटर वर डोंगरावर गेल्यावर बाहेरचा हवेचा दाब सुमारे १.३ पीएसआयने उतरतो, तेवढाच फरक टायरच्या मीटरवर चढतो. म्हणून हवा चिखलाच्या कडेला उभे राहून मोजायची, घरी नव्हे. फार उतरवली तर वळणावर टायरची कड रिमवरून सुटते. ३ पीएसआयच्या खाली जायचे असेल तर वळणे सावकाश घ्यावी आणि हातपंप बरोबर असावा.

उंची, श्वास आणि आच्छादन

गाडी उंच करणारे लिफ्ट किट लहान एटीव्हीला लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अखंड एक्सलच्या गाडीत लिफ्टने एक्सलची उंची वाढतच नाही, फक्त गाडीचा सांगाडा आणि स्वार वर जातात. चाकांमधले अंतर ८० सेंटिमीटर आणि स्वारासकट गुरुत्वमध्य ७० सेंटिमीटर उंचीवर धरला, तर आडव्या उतारावर गाडी सुमारे ३० अंशांना कलंडते. गुरुत्वमध्य ६ सेंटिमीटर वर नेला की ही मर्यादा २८ वर येते. दोन अंश थोडे वाटतात, पण ही गणना कडक जमिनीची आहे. चिखलात खालच्या बाजूची चाके रुतली की तेवढा उतार आपोआप वाढतो, आणि धोफारचे डोंगर तर उताराचेच. दोन्ही बाजूंना चाके बाहेर सरकवणारे २५ मिलिमीटरचे स्पेसर लावून हा तोटा बराचसा भरून निघतो, मात्र त्याचा भार बेअरिंगवर जातो. अमेरिकेत तीन चाकी एटीव्हींची विक्री १९८८ च्या करारानंतर बंद झाली ती कलंडण्यामुळे झालेल्या मृत्यूंनंतरच. तो धडा उंची वाढवून पुसून टाकण्यात अर्थ नाही.

स्नॉर्केलबद्दल, म्हणजे हवा उंचावरून घेणाऱ्या नळीबद्दल, थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण त्यात सर्वांत मोठा धोका आहे. एअर बॉक्सचे तोंड वर नेणे चांगले. त्याहून आधी मागच्या एक्सलची, गिअरबॉक्सची आणि कार्ब्युरेटरची हवेची नळी वर नेणे जास्त गरजेचे. गरम एक्सल थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि तो नळीतून पाणी ओढून घेतो. चार मीटर रबरी नळी, काही क्लिपा, आणि हे काम पूर्ण होते. वजन नगण्य, फायदा कायमचा. पुंजी जवळजवळ न खर्चता मिळणारा हा एकमेव फेरफार, तो पहिल्याच आठवड्यात करून घ्यावा.

इंजिनाचा श्वास हँडलपर्यंत वर नेला की मात्र स्वाराला वाटू लागते की आता छातीभर पाण्यातही जाता येईल. इथे टायरांकडे पाहावे. २२ इंची चार टायर मिळून सुमारे १३० लिटर पाणी बाजूला सारतात, म्हणजे पाणी चाकांच्या माथ्यावर आले की स्वारासकट २८५ किलोंच्या गाडीतले जवळपास निम्मे वजन पाण्याने उचललेले असते. उरलेल्या निम्म्यावर जी पकड मिळेल ती मिळेल. वाहत्या पाण्यात ही गाडी चाकांवर उभी राहत नाही, वाहून जाते. एप्रिल २०२४ मध्ये समद अश शानजवळच्या पुरात शाळकरी मुलांसह अनेकांचे जीव गेले, तेही मोठ्या वाहनांतून. वाहत्या वादीत वाहन घालणे ओमानच्या वाहतूक कायद्याने गुन्हा आहे, आणि एटीव्ही त्याला अपवाद नाही. वर आकाश निरभ्र असतानाही डोंगरावरचे पाणी खाली येते. स्नॉर्केल हे साचलेल्या डबक्यासाठी आणि उडणाऱ्या चिखलासाठी आहे. खोली गुडघ्यापुढे गेली की परत फिरावे.

बाकीच्या गोष्टी भराभर. पोटाखाली गुळगुळीत प्लॅस्टिकची पाटी लावावी. ती घासत पुढे सरकते आणि चिकण माती तिला कमी धरते. पण तिला पाणी निघायला भोके हवीत. पाय ठेवण्याच्या जागांत आणि मडगार्डच्या आत साचणारा चिखल कमी लेखू नये. दीड चौरस मीटरवर एक सेंटिमीटरचा थर म्हणजे पंधरा लिटर, जवळपास २७ किलो. कोणालाही मागे न बसवता एवढे जादा वजन आपण वाहत असतो. पाय ठेवण्याच्या जागांचे तळ जाळीदार करणे हा त्यावरचा साधा उपाय. हवेने थंड होणाऱ्या सिलिंडरच्या पाकळ्यांमध्ये माती भाजून बसली की ती रजईसारखी उष्णता धरून ठेवते. धोफारच्या थंड खरीफात हे निभते, उत्तरेकडच्या मे महिन्यात इंजिन जाते. किनाऱ्यावर म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच जावे, हा ऋतूचा नियम यंत्राच्याही भल्याचा आहे.

हाकण्याची रीत

सबखावर जुनी, वाळलेली वाट सोडू नये. त्या वाटेने जड वाहने गेलेली असतात आणि त्यांच्या जाण्याची साक्ष जमीन देत असते. पण पुढच्या गाडीने आत्ताच पाडलेल्या ओल्या चाकोरीत मागच्याने जाऊ नये. पहिल्या चाकाने कवचाला तडे दिलेले असतात, दुसऱ्याच्या वेळी ते फुटते. गडद, ओलसर डाग टाळावे. पहाटेच्या दमट हवेत आणि पावसानंतर मिठाचे कवच मऊ पडते, म्हणून सकाळी उशिरा निघावे. बर्र अल हिकमानचा किनारा इतका सपाट आहे की मोठ्या भरतीचे पाणी फार आतवर पसरते. तिथल्या गाळाच्या पट्ट्यावर हिवाळ्यात लाखो स्थलांतरित पाणपक्षी खाद्य शोधायला येतात. ओहोटीच्या ओल्या गाळात गाडी घालण्याचे कोणतेही शास्त्रीय कारण मला दिसत नाही. तिथे चाक बुडते आणि पाखरे उडतात.

वादीच्या पोयट्यात थांबू नये, हा एकच मोठा नियम. आधी चालत जाऊन, नळीने तपासून, सरळ रेषा ठरवावी. दुसऱ्या गिअरमध्ये, एकसारख्या थ्रॉटलवर, वजन थोडे मागे ठेवून पार व्हावे. पुढची चाके हलकी राहिली की नांगरण्याचा विरोध उतरतो. मध्ये शंका आली तर थ्रॉटल न सोडता मोठे वळण घेऊन कडेला यावे.

चिकण मातीत चाक जागच्या जागी फिरवण्याचा मोह सर्वांत महाग पडतो. भातलावणीपूर्वी कोकणातला शेतकरी चिखलणी करतो तेव्हा तो मातीची रचना मुद्दाम मोडतो, म्हणजे पाणी खाली मुरू नये आणि रोप सहज रोवता यावे. फिरणारे चाक नकळत हेच करते. मळल्याने मातीचे कर्तनबल घटते, पाणी वर येते आणि जी जमीन मघाशी गाडी पेलत होती ती तशी राहत नाही. खाचा मोकळ्या करायला चाकाचा वेग हवा हे खरे, पण तो गाडी पुढे सरकत असेपर्यंतच. पुढे सरकणे थांबले की थ्रॉटल सोडावा. पहिले तीन सेकंद महत्त्वाचे; त्यात सोडला तर गाडी मागच्या चाकोरीतून उलटी येते, न सोडला तर पोटावर बसते.

धोफारमध्ये खरीफच्या दिवसांत हिरव्या कुरणांवर गाड्या घालू नका, असे प्रशासन वारंवार बजावते. ते पाळायलाच हवे. ते गवत डोंगरी लोकांच्या गाई, उंट आणि शेळ्यांचे वर्षाचे अन्न आहे, आणि ओल्या मातीत पडलेली चाकोरी पुढच्या पावसात ओहोळ होते. चिखलाचा सराव करायचा तर आधीच तुडवलेली गोठ्यांकडची कच्ची वाट, परवानगी घेऊन, पुरेशी असते.

अडकल्यावर

गाडी बसली की आधी खाली उतरावे. ७५ किलो तिथेच कमी झाले. चिकण मातीत गाडी वजनापेक्षा तळाखालच्या चोषणाने धरलेली असते. ती वर ओढू नये, आडवी हलवावी. हँडल धरून बाजूला कलती करत तळाखाली हवा शिरू द्यावी, चाकामागे झुडपाची वाळकी काटकी किंवा रबरी पायपुसणे घालावे. रेकॉनसारख्या गाडीचे मागचे टोक दोघे जण रॅकला धरून उचलून बाजूच्या घट्ट जमिनीवर ठेवू शकतात. ४०० किलोंच्या मोठ्या एटीव्हीला हे शक्य नाही. हलकेपणाची पुंजी इथे व्याजासकट परत मिळते.

दोर गुंडाळून गाडी ओढणारी विंच लावावी की नाही? दहाबारा किलो वजन पुढच्या चाकांवर पडते, आणि भाराखाली ती शंभरच्या वर अँपिअर ओढते. लहान गाडीची बॅटरी तेवढी सोसत नाही. त्याहून मोठा प्रश्न, दोरी बांधायची कशाला? सबखावर मैलोगणती झाड नाही. तिथे फळीला दोरी बांधून ती चर खणून आडवी पुरावी लागते, आणि तो चर खणताना पाणी लागले तर तेही व्यर्थ. माझ्या मते एकट्या गाडीला विंचपेक्षा दुसऱ्या गाडीची सोबत आणि वीस मीटर दोर अधिक खात्रीचे. सोबतची गाडी दोराच्या लांबीइतक्या अंतरावर, कोरड्यात उभी असावी.

इंजिनाने पाणी घेतले असेल तर स्टार्टर दाबू नये. प्लग काढावा, इंजिन हाताने फिरवून सिलिंडरमधले पाणी बाहेर काढावे, तेल पाहावे. ताकासारखे पांढरे दिसले तर ते दोनदा बदलल्याशिवाय गाडी चालवू नये. खाऱ्या पाण्याच्या बाबतीत हे त्याच संध्याकाळी करायचे काम आहे.

मीठ

गोड्या चिखलाने माखलेली गाडी आठवडाभर तशीच राहिली तरी फार बिघडत नाही. सबखातून आलेली गाडी दुसऱ्या दिवशीच गंजू लागते. मिठाचे पाणी ब्रेक ड्रममध्ये, चाकांच्या बेअरिंगमध्ये, वायरिंगच्या जोडांत शिरते, आणि रिमच्या अ‍ॅल्युमिनियमवर स्टीलचा नट असेल तिथे तर दोन धातूंमुळे गंज आणखी वेगाने धरतो. धुण्याची रीत मात्र विचारपूर्वक असावी. उच्च दाबाचा फवारा बेअरिंगच्या सीलवर मारला तर मीठ बाहेर येण्याऐवजी आत ढकलले जाते. साध्या पाइपाने, कमी जोरात, बराच वेळ धुवावे. पोटाखालची पाटी काढून धुवावी. फलज म्हणजे ओमानचे पारंपरिक कालवे; त्यांच्या पाण्यात गाडी कधीही धुऊ नये. त्या कालव्यांवर गावांची खजुराची शेते आणि घरे आजही चालतात, आणि त्यांतले पाच फलज २००६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. ग्रीस आणि तेलाचा एक थर तिथे पोचला तर तो शेवटच्या वाफ्यापर्यंत जातो. पेट्रोल पंपाशेजारच्या वॉशिंग बेमध्येच हे काम करावे.

धुतल्यावर ब्रेक ड्रम उघडून शू पुसावे, चाके हाताने फिरवून बेअरिंगचा आवाज ऐकावा, जोडांमध्ये विजेसाठीचे खास ग्रीस भरावे. तिसऱ्या दिवशी पुन्हा एकदा पाहावे. वाळलेले मीठ पांढऱ्या रेषांनी स्वतःच दाखवते की पाणी कुठे पोचले नाही, आणि त्या रेषा दिसतील तिथे पुन्हा धुवून घ्यावे.